वारा खेड्याचा, वीजही खेड्याची

विजेचा जो इतिहास शाळा-महाविद्यालयांतून शिकवला जातो, तो बव्हंशी शहरांचा इतिहास असतो. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसन यांचे वीजकेंद्र सुरू झाले. मग युरोपातील राजधान्यांचे रस्ते उजळले, ट्रामगाड्या धावू लागल्या, कारखान्यांची चक्रे फिरू लागली. आणि या सर्वांच्या पंगती उठल्यानंतर उरलेसुरले खेड्याच्या पानात पडले. हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो निसर्गाचाच नियम असावा असे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हा क्रम मानण्यास नकार देणारा एक माणूस डेन्मार्कमध्ये होऊन गेला. तो उद्योगपती नव्हता, पुढारी नव्हता. आस्कोव नावाच्या एका लहानशा खेड्यातील शाळेत गणित आणि विज्ञान शिकवणारा शिक्षक होता. पॉल ला कूर हे त्याचे नाव.

पवनचक्कीपासून वीज निर्माण करणारे ला कूर हे पहिले नव्हेत, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ साली आणि अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे चार्ल्स ब्रश यांनी १८८८ साली हा प्रयोग केला होता. पण ब्लाइथ यांच्या चक्कीने त्यांचे सुटीतील घर उजळले आणि ब्रश यांच्या अजस्र चक्कीने त्यांचा प्रासाद उजळला. ला कूर यांच्या डोळ्यांसमोर स्वतःचे घर नव्हते. कोळसा नसलेल्या, धबधबे नसलेल्या, परंतु बारमाही वारा वाहणाऱ्या एका कृषिप्रधान देशातील शेतकऱ्याला स्वतःची वीज स्वतःच निर्माण करता येईल काय, हा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न विचारणारे मात्र तेच पहिले.

ला कूर यांचा जन्म १३ एप्रिल १८४६ रोजी, यटलंड द्वीपकल्पातील एबेलटॉफ्ट गावाजवळच्या शेतावर झाला. आडनाव फ्रेंच वळणाचे असले तरी घराणे शेतीत मुरलेले होते. त्यांचे वडील बंधू यॉर्गन हे पुढे कृषितज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले. पॉल यांचा ओढा भौतिकशास्त्राकडे आणि त्यातही हवामानशास्त्राकडे होता. १८७२ साली कोपनहेगन येथे डॅनिश हवामान संस्था स्थापन झाली, तेव्हा अवघ्या सव्विसाव्या वर्षी ते तिचे उपसंचालक झाले. वाऱ्याशी त्यांचा पहिला परिचय झाला तो असा, कागदावरच्या नोंदींतून.

परंतु त्या काळी तरुण शास्त्रज्ञांना वेड लावले होते ते तारायंत्राने. एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश कसे पाठवावेत, या समस्येवर युरोप-अमेरिकेतील अनेक बुद्धिमान माणसे झुंजत होती. ला कूर यांनी त्यासाठी नादकाट्यांचा उपयोग केला. वेगवेगळ्या स्वरांत कंप पावणारे नादकाटे तारेच्या एका टोकाला ठेवावेत आणि दुसऱ्या टोकाला त्याच स्वरांना प्रतिसाद देणारे काटे. म्हणजे गर्दीत हाक मारल्यावर ज्याचे त्याने वळून पाहावे, तसा प्रत्येक संदेश आपापला काटा शोधून घेईल. यातूनच १८७५ च्या सुमारास त्यांनी नादचक्र तयार केले. नादकाट्याच्या कंपनांबरोबर अचूक ताल धरून फिरणारे हे चक्र पुढे अमेरिकेत पॅट्रिक डेलनी यांनी आपल्या तारायंत्रात वापरले. ला कूर यांना डॅनिश एडिसन म्हणू लागले ते या काळापासून. पण याच शोधाच्या श्रेयावरून अमेरिकेतील एलिशा ग्रे यांच्याशी वाद उद्भवला. लहान देशातील एकट्यादुकट्या संशोधकाला मोठ्या देशातील भांडवलाशी आणि वकिलांशी सामना करावा लागला की काय होते, याचा अनुभव त्यांनी तिशीच्या आतच घेतला.

१८७८ साली त्यांनी जो निर्णय घेतला, तो त्यांच्या सहकाऱ्यांना वेडेपणाचा वाटला असल्यास नवल नाही. राजधानीतील अधिकारपद, संशोधकाची कीर्ती आणि पेटंटांपासून मिळू शकणारा पैसा हे सर्व मागे ठेवून बत्तीस वर्षांचे ला कूर पत्नी हुल्डा आणि मुलांसह आस्कोवच्या लोकशाळेत शिक्षक म्हणून दाखल झाले. ते तीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, तिथेच राहिले.

या लोकशाळा म्हणजे काय, हे समजल्याशिवाय ला कूर समजत नाहीत. ग्रुंटविग या धर्मोपदेशक, कवी आणि इतिहासकाराच्या विचारांतून त्या जन्मल्या. शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींनी शेतीच्या मोसमाबाहेर काही महिने एकत्र राहावे, इतिहास, भाषा, विज्ञान ऐकावे, चर्चा करावी, गाणी म्हणावी आणि घरी परत जाऊन शेती करावी, अशी ही कल्पना. परीक्षा नाहीत, पदव्या नाहीत. पदवी नसल्यामुळे शहरात नोकरी शोधण्याची सोयच नाही, असेही कोणी म्हणेल. पण तोच त्यातील मर्माचा भाग होता. पहिली लोकशाळा १८४४ साली रॉडिंग येथे निघाली. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कचा प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पराभव केला, श्लेस्विग प्रांत गेला आणि रॉडिंग परक्या राज्यात पडले. तेव्हा तेथील शिक्षकांनी नव्या सरहद्दीच्या अगदी अलीकडे, आस्कोव येथे, १८६५ साली शाळा पुन्हा मांडली. लुड्विग श्रोडर तिचे प्रमुख होते. ला कूर त्या युद्धाच्या वेळी अठरा वर्षांचे होते. त्यांच्या पिढीच्या मनावर त्या पराभवाचा जो घाव झाला, तो सूड घेण्याच्या भाषेत फारसा बोलला नाही. उरलेला देश, त्यातील ओसाड माळ आणि त्यावरची माणसे सुधारण्याच्या भाषेत बोलला. आस्कोवला येणे हा ला कूर यांच्या लेखी संन्यास नव्हता, ती युद्धोत्तर काळातील त्यांची कामगिरी होती.

शिक्षक म्हणून त्यांनी केलेले काम आज काहीसे झाकोळले आहे, आणि ते योग्य नव्हे. शेतकऱ्याच्या मुलाला गणित शिकवायचे तर सिद्धान्त आधी आणि उपयोग नंतर, ही रीत चालणार नाही, हे त्यांनी ओळखले. मनुष्यजातीला एखादी गोष्ट ज्या अडचणीतून सुचली, त्या अडचणीतच विद्यार्थ्याला नेऊन उभे करावे; मग उत्तराची वाट त्याला आपोआप दिसू लागते, अशी त्यांची पद्धत होती. १८८१ साली त्यांनी ऐतिहासिक गणित हा ग्रंथ लिहिला, आणि पुढे आपले सहकारी याकोब आपेल यांच्यासमवेत ऐतिहासिक भौतिकशास्त्र लिहिले. हे आपेल नंतर आस्कोवचे प्रमुख आणि देशाचे शिक्षणमंत्री झाले. आपल्याकडे आजही भूमितीचे प्रमेय म्हणजे आकाशातून पडलेली आज्ञा असावी अशा थाटात फळ्यावर लिहिले जाते. अशा वर्गात बसलेल्या कोणालाही ला कूर यांच्या पद्धतीचे मोल सांगावे लागणार नाही.

आता चक्कीकडे वळू. १८७० च्या दशकापासून अमेरिकेचे स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात ओतले जाऊ लागले आणि धान्य पिकवून जगणारा डॅनिश शेतकरी संकटात सापडला. त्याने धान्य सोडून लोणी आणि डुकराचे मांस यांची कास धरली. १८८२ साली पश्चिम यटलंडमधील हेडिंग येथे पहिली सहकारी डेअरी निघाली. ज्याच्या दहा गाई त्यालाही एक मत आणि ज्याची एक गाय त्यालाही एक मत, हा या सहकाराचा दंडक. शतक संपता संपता अशा सुमारे हजार डेअऱ्या देशभर पसरल्या. म्हणजे एकत्र येऊन यंत्र विकत घेणे, ते चालवणे, हिशेब ठेवणे आणि नफा वाटून घेणे या गोष्टी खेड्याच्या हाडीमांसी खिळल्या होत्या. ला कूर यांच्या चक्कीला पुढे जे यश आले, त्याचे निम्मे श्रेय या डेअऱ्यांना द्यावे लागेल. चक्की त्यांनी उभी केली. ती चालवणारे मन त्यापूर्वीच तयार झाले होते.

दुसऱ्या बाजूला शहरांचे आकर्षण वाढत होते. वाफेचे इंजिन मोठे असते, महाग असते आणि एका जागी बसलेले असते; त्याच्याभोवती कारखाना होतो, कारखान्याभोवती शहर होते आणि खेड्यातला सुतार, लोहार, विणकर तिकडे खेचला जातो. विजेचे तसे नाही. ती तारेतून कुठेही नेता येते आणि थोडीथोडी वाटून देता येते. खेड्यातल्या कारागिराला त्याच्याच घरी लहानसे यंत्र चालवता आले, तर त्याला गाव सोडण्याचे कारण उरणार नाही, असा ला कूर यांचा युक्तिवाद होता. त्यात धोकाही त्यांना दिसत होता. वीज जर फक्त शहरात आली, तर खेडे पूर्वीपेक्षाही अधिक मागे पडेल. म्हणून घाई करणे आवश्यक होते. १८९१ साली सरकारी अनुदान मिळवून त्यांनी आस्कोव येथे पहिली प्रायोगिक पवनचक्की उभारली.

या चक्कीपुढे दोन अडचणी होत्या. पहिली अशी की वारा लहरी आहे आणि विद्युतजनित्राला लहरीपणा खपत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. त्यामुळे एका झुळकेसरशी जनित्र भरकटायचे आणि दुसऱ्या क्षणी मंदावायचे. ला कूर यांनी यावर एक नियंत्रक तयार केला आणि त्याला क्रॅटोस्टॅट हे नाव दिले. पुढे तो इतका सोपा केला की कोणत्याही खेड्यातील लोहाराला बनवता यावा. चक्कीकडून येणारी गती एका झुलत्या दांड्यावरील आसाकडे आणि तेथून पट्ट्याने जनित्राकडे न्यायची. दांड्याला असे वजन लटकवायचे की पट्ट्याचा ताण ठराविक राहावा. वारा बेफाम झाला की पट्टा थोडा घसरतो आणि जास्तीचा जोर जनित्रापर्यंत पोचतच नाही. वारा पडला की साठवलेली वीज घटमालेतून उलटी जनित्रात वाहू नये, म्हणून त्यांनी एक स्वयंचलित कळही बसवली. या उपायांत डोळे दिपवणारे काही नाही. वजन, दांडा, पट्टा आणि कळ. पण जी वस्तू खेड्यात मोडणार आहे, ती खेड्यातच दुरुस्त झाली पाहिजे, हा विचार या साधेपणामागे होता. आणि तो विचार मांडायला नादचक्राचा शोध लावणाऱ्याइतकीच बुद्धी लागते.

दुसरी अडचण अधिक कठीण. वारा नसेल तेव्हा काय? शिशाच्या घटमाला त्या वेळी फार महाग होत्या. ला कूर यांनी वेगळीच वाट धरली. चक्कीच्या विजेने पाण्याचे विघटन करायचे, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळ्या टाक्यांत साठवायचे आणि हवे तेव्हा ते जाळून प्रकाश मिळवायचा. इटलीतील पॉम्पेओ गारुती यांच्या विघटनयंत्राची त्यांना यात मदत झाली. १८९५ पासून १९०२ पर्यंत आस्कोवची शाळा या वायूच्या दिव्यांनी उजळत होती. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजनचा जरासा अंश मिसळला की स्फोट होई आणि शाळेच्या इमारतींच्या खिडक्यांची तावदाने पुन्हा बसवावी लागत; असे एकदा नव्हे, अनेकदा घडले. त्या शाळेच्या व्यवस्थापनाचे कौतुक करावे तेवढे थोडे. आपल्याकडे एखाद्या विज्ञानशिक्षकाच्या प्रयोगाने तावदाने फुटली असती, तर चौकशी समिती नेमली गेली असती आणि प्रयोगशाळेला कुलूप लागले असते. वाऱ्याच्या विजेपासून हायड्रोजन करावा आणि तो साठवावा, या कल्पनेवर आज जगभर मोठाली भांडवले गुंतवली जात आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी तिच्या प्रकाशात शेतकऱ्यांची मुले रात्री धडे वाचत होती.

यानंतरचे काम शुद्ध शास्त्राचे होते. वारा पात्यावर आदळून त्याला ढकलतो, एवढीच पारंपरिक समजूत होती. पात्याच्या मागच्या बाजूला निर्माण होणारे शोषण हे ढकलण्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे असते, हे इर्मिंगर आणि वोग्ट या डॅनिश अभियंत्यांनी दाखवून दिले होते. ला कूर यांनी नळकांड्यांतून कृत्रिम वारा सोडून त्यात वेगवेगळ्या आकारांची लहान पाती फिरवून पाहिली, शक्ती मोजली, कोन बदलले, पुन्हा मोजली. १८९६ पासून तीनेक वर्षे हे मोजमाप चालू होते. राइट बंधूंनी आपला वायुबोगदा बांधला तो १९०१ साली, हे येथे लक्षात घ्यावे. त्यांचा निष्कर्ष त्या काळच्या समजुतीला धक्का देणारा होता. शेतांवर पाणी उपसणाऱ्या अमेरिकन चक्क्यांना पुष्कळ पाती असत आणि पाती जितकी अधिक तितकी शक्ती अधिक, असे लोक मानत. वीज निर्माण करायची तर थोडी पाती आणि अधिक वेग हेच हितकारक, असे ला कूर यांनी सिद्ध केले. १८९७ साली त्यांनी चार पात्यांची अधिक मोठी चक्की उभारली आणि सर्व मोजमापे १९०० आणि १९०३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पेटंटाच्या भानगडीत एकदा होरपळलेल्या या माणसाने हे ज्ञान कोणत्याही कारखानदाराने, कोणत्याही सुताराने उचलून न्यावे असे उघड्यावर ठेवले.

एव्हाना घटमाला स्वस्त झाल्या होत्या. ला कूर यांनी सात वर्षे जोपासलेली हायड्रोजनची योजना बाजूला सारली. स्वतःच्या लाडक्या कल्पनेला काळवेळ पाहून निरोप देणे संशोधकाला सहसा जमत नाही. त्यांना ते जमले. प्रायोगिक चक्की आता आस्कोव गावाचे वीजकेंद्र झाली. वारा असेल तोवर चक्की घटमाला भरी. वारा दीर्घकाळ पडला तर मदतीला तेलावर चालणारे इंजिन असे.

आणि मग त्यांनी जे केले, ते आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दूरदृष्टीचे काम होय. १९०३ साली डॅनिश पवनविद्युत संस्था स्थापन झाली. खेड्यांना सल्ला द्यायचा, आराखडा करून द्यायचा, केंद्र उभे करून द्यायचे, हे तिचे कार्य. १९०४ पासून आस्कोव येथे ग्रामीण वीजतंत्रज्ञांचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पवनविद्युतेला वाहिलेले एक नियतकालिकही निघाले. शेतकऱ्यांची मुले येत, जनित्र, घटमाला, तारा, चक्की यांची माहिती घेत, हाताने काम करीत आणि गावोगाव जाऊन केंद्रे उभारीत. ला कूर यांनी चक्क्यांबरोबरच चक्की जाणणारी माणसेही निर्माण केली. यंत्र गावात आणणे सोपे असते. ते बंद पडल्यावर कोणाला बोलवायचे, या प्रश्नाचे उत्तर नसेल तर वर्षभरात ते गंजते, आणि मग गावच आळशी, अडाणी असा शिक्का बसतो. आपल्या ग्रामपंचायतींच्या आवारांत बंद पडलेले सौरदिवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे सांगण्याचे कारण नाही.

पॉल ला कूर २४ एप्रिल १९०८ रोजी आस्कोव येथे मृत्यू पावले. वय बासष्ट वर्षे. त्यांचे पुत्र डान हे वडिलांनी सोडलेल्या त्याच हवामान संस्थेचे पुढे संचालक झाले.

वडिलांचे कार्य मात्र आस्कोवच्या विद्यार्थ्यांनी पुढे नेले. पहिल्या महायुद्धात तेलाची आणि कोळशाची आयात आटली आणि वाऱ्याची किंमत सर्वांना कळली. १९१८ साली डेन्मार्कमध्ये सुमारे १२० ग्रामीण वीजकेंद्रांत पवनचक्क्या चालू होत्या. प्रत्येकीची शक्ती साधारण २० ते ३५ किलोवॉट, एकूण सुमारे ३ मेगावॉट. म्हणजे देशाच्या त्या वेळच्या वीजवापराच्या सुमारे ३ टक्के. तीन टक्के हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु ही वीज जिथे पोचली, तिथे दुसरी वीज पोचण्याची शक्यता त्या वेळी नव्हती. तिच्या लेखी ते शंभर टक्केच होते.

यश असे असूनही पराभव टळला नाही. पवनविद्युत संस्था १९१६ सालीच विसर्जित झाली होती. युद्ध संपल्यावर तेल पुन्हा स्वस्त झाले, डिझेल इंजिने आली, आणि मोठ्या केंद्रांतून दूरवर नेता येणारा प्रत्यावर्ती प्रवाह गावोगाव पोचू लागला. ला कूर यांची केंद्रे एकदिश प्रवाहाची; ती या जाळ्यात बसेनात. एकामागून एक चक्क्या थांबल्या. दुसऱ्या महायुद्धात तेल पुन्हा आटले तेव्हा त्या थोडा काळ पुन्हा फिरल्या, आणि शांतता होताच पुन्हा थांबल्या. स्वस्त तेलापुढे सुबुद्धीचा टिकाव लागत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल.

पण १९०४ च्या त्या पहिल्या तुकडीत योहान्स यूल नावाचा एक मुलगा होता. पुढे वीजकंपनीत अभियंता झालेल्या या विद्यार्थ्याने, निवृत्तीचे वय जवळ आल्यावर, आपल्या गुरुजींचा विषय पुन्हा हाती घेतला. चक्कीने प्रत्यावर्ती प्रवाहच निर्माण करावा आणि थेट जाळ्यात सोडावा, म्हणजे घटमालेचा प्रश्नच मिटला, अशी त्याची रचना होती. १९५७ साली गेडसर येथे त्याची तीन पात्यांची, २०० किलोवॉटची चक्की उभी राहिली आणि १९६७ पर्यंत ती जवळजवळ विनातक्रार चालली. मग तीही बंद करण्यात आली, कारण तेल अजून स्वस्त होते. १९७३ साली ते स्वस्त राहिले नाही. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेला आपल्या नव्या पवनऊर्जा कार्यक्रमासाठी मोजमापे हवी होती. तिच्या विनंतीवरून गेडसरची ती जुनी चक्की दुरुस्त करून पुन्हा फिरवण्यात आली.

१९७३ च्या तेलसंकटात डेन्मार्क आपल्या गरजेच्या नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जेसाठी आयात तेलावर विसंबून होता. यातून बाहेर पडण्यासाठी अणुशक्तीचा मार्ग सरकारने पुढे केला. लोकांनी त्याला विरोध केला आणि १९८५ साली संसदेने तो मार्ग सोडून दिला. दरम्यान सुतार, लोहार, शेतकरी आणि शिक्षक यांनी आपापल्या अंगणात चक्क्या बांधायला प्रारंभ केला होता. यूलच्या रचनेवरून क्रिस्तियान रीसायर या सुताराने बांधलेल्या चक्क्या लोक विकत घेऊ लागले. ट्विंड येथील शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी १९७८ साली त्या काळची एक प्रचंड चक्की स्वतःच्या श्रमाने उभी केली. शेतीची अवजारे बनवणारे कारखाने या धंद्यात उतरले. १९८० च्या दशकात गावकऱ्यांनी भाग काढून चक्की विकत घेण्याच्या मंडळ्या शेकड्यांनी निघाल्या. कागदपत्रांचा मसुदा आजोबांच्या डेअरीचाच होता, फक्त दुधाच्या जागी वारा आला. आज डेन्मार्कच्या विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज वाऱ्यापासून येते. मोठ्या समुद्री प्रकल्पांत आता बड्या कंपन्यांचे भांडवल आहे आणि गावांच्या मंडळ्या मागे पडल्या आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

आपल्या सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या आणि वनकुसवड्याच्या पठारांवर ज्या तीन पात्यांच्या चक्क्या फिरताना दिसतात, त्यांच्या रचनेचा वंश गेडसरमार्गे आस्कोवपर्यंत मागे नेता येतो. वंश पोचला, पण वारसा पोचला नाही. त्यांतील पुष्कळशा चक्क्या उद्योगसमूहांनी उभारल्या, आणि त्यामागे विजेइतकेच आकर्षण घसाऱ्यावर मिळणाऱ्या करसवलतीचे होते. पठारावरच्या शेतकऱ्याचा संबंध जमीन देण्यापुरता आला. हे आपल्याला जमत नाही म्हणावे, तर ऊस पिकवणाऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्यांनी चिपाडापासून वीज करून ती राज्याच्या जाळ्याला विकून दाखवली आहे. २०१९ साली जाहीर झालेल्या कुसुम योजनेत शेतकऱ्यांना, त्यांच्या गटांना आणि सहकारी संस्थांना आपल्या जमिनीवर दोन मेगावॉटपर्यंतचे केंद्र उभारून वीज विकण्याची मुभा दिली गेली. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत दिवसा पंपाला वीज मिळावी हा हेतू आहे, आणि तो स्तुत्य आहे. पण तीत शेतकरी बहुधा जमीन भाड्याने देणारा असतो. केंद्राची मालकी आणि किल्ली दुसऱ्याकडे असते. अशा केंद्राशेजारी वाढणाऱ्या मुलाला त्या केंद्रात काय चालते हे कोण शिकवणार, याचा विचार त्या योजनांच्या कागदांत शोधावा लागतो.

डेन्मार्कमधील सामसो हे सुमारे चार हजार वस्तीचे शेतकऱ्यांचे बेट. संपूर्ण बेट पुनर्निर्मितीक्षम ऊर्जेवर चालवून दाखवण्यासाठी १९९७ साली सरकारने त्याची निवड केली. तेथे जमिनीवर अकरा चक्क्या उभ्या राहिल्या; त्यांपैकी नऊ तेथील शेतकऱ्यांच्या मालकीच्या झाल्या आणि दोन गावकऱ्यांनी भाग काढून सहकाराने घेतल्या. पुढे समुद्रात उभ्या राहिलेल्या दहा चक्क्यांपैकी पाच नगरपालिकेने घेतल्या. गव्हाचा पेंढा जाळून पाणी तापवायचे आणि ते नळांनी घरोघर फिरवून हिवाळ्यात उबेची सोय करायची, असेही त्यांनी केले. पेंढा अर्थातच बेटावरच्याच शेतांतला. आस्कोवची प्रयोगचक्कीची इमारत आता ला कूर यांच्या स्मरणार्थ संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे.